गंज खालून वर येतो: समुद्राकाठच्या जुन्या गाडीची डागडुजी

आमच्या गाडीला पहिलं भोक पडलं ते डिकीत, स्टेपनीच्या खळग्यात. हर्णै बंदरावरून मासे आणायचे म्हणजे बर्फासकट पिशवी डिकीत टाकायची, ही बाबांची गाडी आल्यापासूनची सवय. बर्फ वितळायचा, खारट पाणी गालिच्याखालून खळग्यात उतरायचं आणि तिथेच बसायचं. खळग्याच्या तळाला पाणी काढून द्यायला एक रबरी बूच असतं, हे मला गाडीच्या अठराव्या वर्षी कळलं. तेही बूच भोवतालच्या पत्र्यासकट हातात आलं तेव्हा.

आणि वरून बघाल तर गाडी नवरीसारखी नटलेली. दोनच वर्षांपूर्वी पूर्ण रंग मारून घेतला होता. तो मारताना दारांच्या खालच्या कडेची पाणी जायची भोकंही रंगाने आणि काळ्या कोटिंगने बुजवली गेली होती. एका पावसाळ्यात चारही दारं खालून फुगली. तेव्हापासून मी उलटं काम करतो. आधी पाणी कुठे अडतंय ते शोधायचं, मग पत्र्याकडे बघायचं, आणि रंगाची गोष्ट सगळ्यात शेवटी.

आपल्याकडेच एवढा गंज का

लोखंड गंजायला पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एवढं पुरतं. मीठ त्यात घाई करतं, कारण गंजणं हा मुळात विजेचा खेळ आहे आणि खारट पाण्यातून वीज सहज वाहते. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. लाटा फुटताना उडालेले तुषार वाऱ्यावर आत येतात, पाणी सुकतं, क्षार पत्र्यावर राहतात. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की पाझरायला लागतं. पावसाळ्यातली मिठाची बरणी आठवा. पण समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि ते ३३ टक्क्यांनाच पाणी ओढायला लागतं. म्हणजे किनाऱ्यावरची गाडी भर एप्रिलात कोरडी दिसली तरी सांध्यांमध्ये ओलीच असते.

त्यामुळे पावसाला शिव्या घालण्यात अर्थ नाही. पाऊस बाहेरचं मीठ उलट धुऊन नेतो. घात होतो तो पावसाची धार पोचत नाही पण ओल पोचते अशा ठिकाणी.

पहिलं काम: खालून धुणं

तपासणीसाठी पावसाळा संपल्यावरचे दिवस उत्तम. खंडेनवमीला गाडी धुऊन हार घालतोच आपण, त्याच आठवड्यात खालूनही धुवा. गणपतीच्या आधी गॅरेजवाल्याला गाठायला जाऊ नका. मुंबईहून आलेल्या गाड्यांपुढे तुमची बारी लागायची नाही.

धुतल्याशिवाय गंज दिसत नाही याला कोकणात आणखी एक कारण आहे. जांभ्याचा तांबडा रंग म्हणजे लोखंडाचा ऑक्साइडच, गंजाचा सख्खा भाऊ. चाकांच्या कमानीत बसलेला लाल चिखल आणि पत्र्याचा गंज नुसत्या नजरेने वेगळे ओळखता येत नाहीत. शिवाय तो चिखल स्पंजासारखा ओल धरून ठेवतो. तेव्हा कमानींच्या आतल्या घडीत हात घालून, बोटांनी खरवडून चिखल काढा आणि मगच पाणी मारा. प्रेशरची धार लांबून मारली की चिखल ओला होतो, निघत नाही.

पाणी कुठलं वापरता तेही बघा. किनाऱ्याजवळच्या बऱ्याच विहिरी मार्चनंतर मचूळ होतात. जिभेला खारट लागणाऱ्या पाण्याने गाडी धुतली तर मीठ काढायच्या ऐवजी चढवलंत. गोडं पाणी चार बादल्याच असेल तर ते सगळं खालच्या अंगाला वापरा. टप धुळीचा राहिला तरी बिघडत नाही.

गाडी उचलताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. जॅकवर नुसत्या उभ्या गाडीखाली शिरायचं नाही, आणि आधाराला जांभ्याचा चिरा लावायचा नाही. घराच्या भिंतीत चिरा शंभर वर्षं उभा राहतो म्हणून गाडीखाली राहील असं नाही. एका टोकावर भार आला की तो न सांगता फुटतो. सिमेंटच्या ब्लॉकचंही तेच. लोखंडी घोड्या, म्हणजे जॅक स्टँड, विकत घ्या किंवा मागून आणा. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा आणि काढलेलं चाक आडवं गाडीच्या कडेखाली सरकवून ठेवा. जॅक लावायची जागाच गंजलेली असेल, तर घरी उचलण्याचा नाद सोडा. जॅक पत्रा फाडून आत जातो.

दुसरं काम: ठोकून आणि टोचून बघणं

स्क्रूड्रायव्हरची मूठ घ्या आणि पत्र्यावर हलके ठोकत चला. चांगला पत्रा टणकन वाजतो, सडलेला भद्द. नारळ वाजवून घेणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. भद्द वाजला तिथे स्क्रूड्रायव्हरचं टोक जोर लावून टोचा. आत गेलं तर वाईट वाटून घेऊ नका, भोक तुम्ही पाडलेलं नाही, ते होतंच. जुनी गाडी विकत घेत असाल तर फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक खिशात ठेवा. ते चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबीचा, म्हणजे खड्डे भरायच्या पुट्टीचा, जाड थर आहे.

कुठे बघायचं? दारांच्या खाली, दोन्ही बाजूंना असलेल्या पोकळ पट्ट्या (आमच्याकडे रनिंग बोर्ड म्हणतात). मागच्या चाकांच्या कमानी. बॅटरीखालचा ट्रे. पुढचे शॉकॲब्जॉर्बर वर जिथे बोल्टने बसतात त्या वाट्या. पेट्रोल टाकीचे पट्टे आणि टाकीत जाणारा नळा. मागच्या चाकांकडे गेलेले ब्रेकचे लोखंडी पाइप.

आत बसण्याच्या जागेत गालिचा उचला, आणि खालचा स्पंज दाबून बघा. वरून कोरडा लागणारा स्पंज पिळल्यावर पाणी गाळतो. शंका असेल तर रात्रभर खाली वर्तमानपत्र घालून ठेवा. सकाळी कागद डाव्या बाजूला, पुढच्या सीटच्या पायाशी ओला निघाला तर एसीची पाणी जायची नळी तुंबलेली असण्याचा संभव मोठा. दोन्ही बाजूंना ओला असेल तर वायपरखालची जाळी उघडा. आंब्याच्या किंवा फणसाच्या झाडाखाली गाडी लावत असाल, तर तिथे पानांचं अक्षरशः खत झालेलं सापडेल.

पाणी जायची भोकं मोकळी करायला तारेचा तुकडा घालू नका, आतला रंग खरवडतो. माडाच्या झावळीची हीर घ्या. लवचिक, टोकदार आणि फुकट. दाराच्या खालच्या कडेला दोन-तीन चिरा असतात, रनिंग बोर्डच्या खालीही असतात. हीर घालून फिरवली की आमच्या दारांतून आधी काळं पाणी आलं, मग कुजलेली माती, आणि शेवटी एक रुपयाचं नाणं.

कुठला गंज कुणाचा

आता ठरवायचं. रंगावर पुळी आलीय, खाली पत्रा घट्ट आहे, तर ते काम घरी होतं. पत्र्याला आरपार भोक आहे पण जागा फेंडर (चाकावरचा बाहेरचा पत्रा), दाराची कड किंवा डिकीचा तळ अशी आहे, तर ते पत्रेवाल्याचं काम. आणि शॉकॲब्जॉर्बरची वाटी, मागचा ॲक्सल जिथे बसतो तो भाग, सीटबेल्टचा बोल्ट, स्टिअरिंगच्या बाजूचा पत्रा इथे टोक आत गेलं, तर गाडी त्या दिवसापासून रस्त्यावर काढायची नाही. चांगल्या कारागिराला दाखवून मगच पुढचं.

ब्रेक पाइपबद्दल तर वादच नको. वरची पापुद्री निघून पाइपला खड्डे दिसले की पाइप बदला. खरवडून रंग मारू नका, मधला तुकडा कापून जोडू नका. चिपळूणच्या अलीकडे घाटात पॅडल एकदम तळाला गेल्याचा अनुभव मी एकदा घेतला आहे. हँडब्रेक आणि पहिला गिअर यांच्या भरवशावर गाडी कठड्याला टेकवली. मेकॅनिकने पाइप नुसता चिमटीत दाबला तर चुरा झाला. तांबं-निकेलच्या मिश्रधातूचे पाइप मिळाले तर तेच घ्या. ते असे गंजत नाहीत.

जाम झालेले बोल्ट

घरी काम करणाऱ्याचा दिवस जातो तो इथे. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा व्यापतो, म्हणून नट-बोल्टच्या आट्यांत तो पाचर मारल्यासारखा बसतो. नुसता जोर लावलात तर बोल्ट सुटत नाही, तुटतो.

आदल्या दिवशी सुरुवात करा. बाहेर दिसणारे आटे वायर ब्रशने घासून साफ करा, नाहीतर तेल आत जातच नाही. मग आत झिरपणारं तेल मारा. डब्ल्यूडी-४० हलक्या गंजाला चालतं. हट्टी बोल्टला मी पॉवर स्टिअरिंगचं तेल आणि ॲसिटोन निम्मं निम्मं मिसळून ड्रॉपरने सोडतो. हे मिश्रण पेट घेतं, तेव्हा बिडी-सिगारेट आणि ग्राइंडर लांब ठेवा, आणि रंगावर सांडू देऊ नका. संध्याकाळी एकदा, झोपताना एकदा, सकाळी पुन्हा. दर वेळी बोल्टच्या डोक्यावर हातोडीने दहा-बारा हलके ठोके. ठोक्याने गंज तडकतो आणि तेलाला वाट मिळते.

सकाळी पाना लावताना उघड्या तोंडाचा फिक्स पाना बाजूला ठेवा. रिंग पाना किंवा गोटी पाना (सॉकेट) घ्या, शक्यतो सहा कोनी. बारा कोनी पाना गंजलेल्या डोक्याचे कोपरे खाऊन टाकतो. आणि आधी किंचित आवळा. हो, आवळा. कणभर जरी हलला तरी गंजाची पकड सुटते. मग पाव फेरा सोडा, थोडा परत आवळा, तेल सोडा, पुन्हा सोडा. सोडताना जड लागायला लागलं की थांबून मागे जा. बोल्ट कुरकुरतो, करकरतो, तोवर ठीक. जोर लावूनही आवाज बंद झाला आणि पाना लोण्यात फिरल्यासारखा मऊ लागला, तर बोल्ट पिळतोय. ताबडतोब हात काढा.

एवढ्यानेही हलला नाही तर उष्णता. नट तापवला की फुगतो आणि सुटतो. पण गॅसची ज्योत पेट्रोल टाकी, ब्रेक पाइप, शॉकॲब्जॉर्बर आणि रबरी बुश (सांध्यांत बसवलेली रबरं) यांच्या आसपास न्यायची नाही. त्यामुळे हे काम गॅरेजलाच द्यावं असं माझं मत आहे. मोकळ्या जागेतला नट असेल तर छिन्नीने किंवा ग्राइंडरने फोडून नवा टाकणं सोपं. सायलेन्सरचे बोल्ट तर मी सोडवायच्या भानगडीतच पडत नाही, सरळ कापतो.

नवा बोल्ट हार्डवेअरच्या दुकानातून आणताना डोक्यावरचा मजबुतीचा आकडा बघा. जुन्यावर ८.८ असेल तर नवाही ८.८ हवा. नवीन बसवताना आट्यांना तांब्याचं ग्रीस लावलं की पुढच्या वेळी तुम्हीच स्वतःला धन्यवाद द्याल. चाकांच्या नटांच्या आट्यांना मात्र तेल-ग्रीस काही नको, त्याने नट हवे त्यापेक्षा जास्त आवळले जातात.

घरी करण्याजोगा पत्रा

हे काम डिसेंबर ते मार्चमध्ये, सकाळी दहानंतर. तोवर दव सुकलेलं असतं. मे अखेरीस घाईने मारलेला रंग मृगात सोलतो.

पुळीभोवती दोन बोटं जास्तीचा रंग काढा. गंज नेहमी दिसतो त्यापेक्षा रंगाखाली पुढे गेलेला असतो. ग्राइंडरला वायरचा कप ब्रश लावून, नंतर ८० नंबरच्या पॉलिश पेपरने पत्रा पांढरा दिसेपर्यंत घासा. डोळ्यांना चष्मा, नाकाला मास्क. काठ उतरता करायला १८० आणि मग ३२० नंबर. बोटाला जुन्या रंगाची पायरी लागता कामा नये.

आता गोड्या पाण्याने पुसून लगेच वाळवा. ही पायरी लोक गाळतात. पत्र्याच्या खड्ड्यांत मीठ राहिलं तर वर काहीही लावा, खालून पुन्हा फुगणारच. कोरडं झाल्यावर थिनरच्या फडक्याने चिकटपणा काढा आणि त्यानंतर त्या जागेला हात लावू नका. हाताच्या घामातही मीठ असतं.

खड्ड्यांत तळाशी काळे ठिपके उरतात, ते घासून जात नाहीत. त्यासाठी रस्ट कन्व्हर्टर. यात टॅनिक किंवा फॉस्फोरिक आम्ल असतं. पूर्वी हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) घालून शाई करत, टॅनिक आम्लाचं कन्व्हर्टर तेच करतं: हिरड्यातलं टॅनिन लोखंडाशी मिळून काळं पडतं, तसाच गंजाचा निळसर काळा घट्ट थर होतो. पण ते उरल्यासुरल्या गंजासाठी आहे. सुटणाऱ्या पापुद्र्यांवर चोपडलं तर वरचा पापुद्रा काळा होतो आणि आतला लाल तसाच राहतो. आमसुलाचं पाणी, चिंच, व्हिनेगर हे सुटे बोल्ट भिजवायला चालेल. गाडीच्या अंगावर नको. सांध्यात शिरलेलं आंबट पाणी बाहेर काढता येत नाही.

डब्यावर लिहिलेला वेळ जाऊ दिल्यावर प्राइमर. माझा आग्रह इपॉक्सी प्राइमरचा, दोन हात. साधा रेड ऑक्साइड स्वस्त पडतो, घराच्या ग्रिलला ठीक आहे, पण तो ओल शोषतो. लांबी लावायचीच असेल तर या इपॉक्सीवर, पातळ. लांबीही ओल पिते, म्हणून ती उघडी ठेवून रात्र काढू नका. मग सरफेसर, रंग, लॅकर. रंगाची छटा तंतोतंत जुळली नाही तर खंत करू नका.

भोक पडलेला पत्रा

आमच्या बाजारपेठेतल्या पत्रेवाल्या काकांनी डिकीचा तळ बघितला आणि म्हणाले, "वरनं लांबी भरून देऊ की कापून नवा घालू? लांबी भरली तर गणपतीपर्यंत जाईल हां, शिमग्यापर्यंत नाय." त्यांचा हिशेब बरोबर होता. भोकावर जाळी, फायबर आणि लांबी हा बुजवण्याचा प्रकार आहे, दुरुस्तीचा नाही.

चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचं आणि नवा तुकडा वेल्ड करायचा. गाडीचा पत्रा जेमतेम ०.७ ते ०.८ मिलिमीटर. त्याला ग्रिलवाल्याचं रॉडचं वेल्डिंग नको, भोकं पडतात. मिग वेल्डिंग, ज्याला बरेच जण सीओटू म्हणतात, ते असलेलं गॅरेज शोधा. काम देण्याआधी बॅटरीची वायर काढा आणि जवळचा गालिचा-स्पंज बाहेर काढला आहे ना ते स्वतः बघा. सीएनजी किट असेल तर तेही आधी सांगा. वेल्डिंग झाल्यावर अर्धा तास गाडीजवळ थांबा. स्पंज आत धुमसत राहतो.

वेल्डिंगच्या उष्णतेने पत्र्याच्या मागच्या बाजूचा रंगही जळतो. ती बाजू उघडी राहिली तर पुढच्या पावसात नवा तुकडा जुन्याच्या वाटेने जातो. म्हणून सांध्याला सीलर, मागून इपॉक्सी, आणि पोकळ भागात नळीने मेण फवारून घ्या. कॅव्हिटी वॅक्स म्हणून मागा. मेण मारताना पाण्याची भोकं बुजणार नाहीत ना, ते परत हिरीने बघायचं.

गाडीखाली जळकं ऑइल चोपडायची जुनी पद्धत आहे. मी सोडली. त्यात आम्ल असतं, रबरी बुश फुगतात, आणि आपल्या जांभ्यातून झिरपत ते शेवटी कुणाच्या तरी विहिरीत उतरतं. जाड डांबरी कोटिंगही गंजावरून मारू नये. वर्षभराने ते पत्र्यापासून सुटतं, मधे पाणी साचतं, आणि बाहेरून सगळं काळंभोर छान दिसत राहतं.

सोडून द्यायची वेळ

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षांची, आणि दर वेळी आरटीओची तपासणी. नूतनीकरणाच्या महिनाभर आधी नाही, तर वर्षभर आधी गाडी घोडीवर चढवून बघा. हाडंच गेली असतील तर रंगावर पैसे घालू नका. अधिकृत स्क्रॅप केंद्रात दिली तर गाडी जमा केल्याचं प्रमाणपत्र (सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट) मिळतं आणि नोंदणी रद्द होते. भंगारवाल्याला तशीच दिली तर कागदावर गाडी तुमचीच राहते.

आमची अजून आहे. समुद्रकिनाऱ्यावर वाळूत नेत नाही. दाभोळ-धोपावे फेरीबोटीतून उतरताना भरतीचं पाणी उडालं, तर घरी आल्यावर त्याच दिवशी खालून गोडं पाणी. प्लास्टिकचं कव्हर काढून टाकलं, ते ओल कोंडतं. नुसत्या पडवीत वारा लागेल अशी उभी करतो. बाबांची सुरमई अजूनही डिकीतूनच येते, पण झाकणाच्या टबात. आणि तरीही, मासे उतरवल्यावर, मी खळग्याचं नवं बूच काढतो, एक तांब्या पाणी ओततो आणि ते खाली अंगणात पडल्याचा आवाज ऐकून बूच परत लावतो.